तिसरा उमेदवार : मते खाणारा की मुद्दे पेरणारा?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ७ नोव्हेंबर २००० रोजी जवळपास ६० लाख मतदारांनी अध्यक्षपदासाठी मतदान केले. त्यानंतर पाच आठवडे मोजणी, फेरमोजणी आणि न्यायालयीन लढाई सुरू होती. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने फेरमोजणी थांबवली आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी अवघ्या ५३७ मतांच्या आघाडीवर ते राज्य, आणि त्या राज्याबरोबर देशाचे अध्यक्षपद जिंकले. देशभरातील एकूण मतांत डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर सुमारे ५ लाख ४३ हजार मतांनी पुढे होते. त्याच फ्लोरिडात ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांच्या पारड्यात ९७,४८८ मते पडली होती.

हे दोन आकडे, ५३७ आणि ९७,४८८, तेव्हापासून शेजारी शेजारी ठेवले जातात. मराठी वाचकांना ज्याची ओळख ‘मते खाणारा उमेदवार’ अशी आहे, त्याला अमेरिकेत ‘स्पॉयलर’, म्हणजे खेळ बिघडवणारा, असे म्हणतात. नेडर हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ठरले. १९६५ मध्ये मोटारींच्या सदोष रचनेवर पुस्तक लिहून बलाढ्य मोटार उद्योगाला हादरवणारा, सीटबेल्ट आणि सुरक्षित गाड्यांसाठी झगडणारा हा वकील एका पिढीचा आदर्श होता. पुढच्या पिढीतील अनेक उदारमतवादी घरांत मात्र त्याचे नाव कडवटपणे घेतले जाऊ लागले.

तिसरा उमेदवार अध्यक्षीय निवडणुकीला तारक की मारक, हा वाद अमेरिकेत किमान पावणेदोनशे वर्षे जुना आहे. त्याचे उत्तर एका निवडणुकीच्या बेरीज-वजाबाकीत शोधले तर एक मिळते आणि पंधरा-वीस वर्षांच्या अंतराने पाहिले तर दुसरे.

दोष कोणाचा?

प्रथम फ्लोरिडाचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. नेडर यांना मत देणारा प्रत्येक जण, नेडर नसते तर, गोर यांच्याकडे गेला असता हे गृहीतक चुकीचे आहे. मतपत्रिकांच्या अभ्यासावरून पुढे काढलेल्या अंदाजानुसार फ्लोरिडातील नेडर-मतदारांपैकी साधारण साठ टक्के गोर यांच्याकडे आणि चाळीस टक्के बुश यांच्याकडे झुकले असते. काही जण तर मतदानालाच फिरकले नसते. तरीही ५३७ चा फरक इतका क्षुल्लक आहे की या हिशेबानेसुद्धा गोर सहज पुढे गेले असते. न्यू हॅम्पशायरमध्येही तेच झाले. तेथे बुश ७,२११ मतांनी जिंकले आणि नेडर यांनी २२ हजारांहून अधिक मते घेतली. त्या छोट्या राज्याची चार निर्वाचक मते गोर यांना मिळाली असती, तर फ्लोरिडाचा प्रश्नच उरला नसता.

मात्र एवढ्यावर खटला निकाली निघत नाही. फ्लोरिडात त्या वेळी दोन मोठे पक्ष सोडून आणखी आठ उमेदवार रिंगणात होते आणि त्या आठांपैकी प्रत्येकाला ५३७ हून अधिक मते मिळाली होती. अगदी शेवटच्या क्रमांकाच्या समाजवादी उमेदवाराने ५६२ मते घेतली. पाम बीच परगण्यातील वादग्रस्त मतपत्रिकेची रचनाही विसरता येत नाही. दोन्ही बाजूंना नावे आणि मध्ये भोके अशा त्या ‘फुलपाखरी’ मतपत्रिकेवर डाव्या रकान्यात गोर यांचे नाव दुसरे होते, पण दुसरे भोक होते उजव्या रकान्यातील पॅट ब्युकॅनन यांचे. कडव्या उजव्या विचारांच्या ब्युकॅनन यांना ज्यू ज्येष्ठ नागरिकांची मोठी वस्ती असलेल्या त्या परगण्यात सुमारे ३,४०० मते मिळाली, आणि त्यांतील बरीचशी आपली नसावीत असे खुद्द ब्युकॅनन यांनीच नंतर मान्य केले. दोन भोके पाडल्यामुळे बाद झालेल्या मतपत्रिका १९ हजारांहून अधिक होत्या. शिवाय गोर आपल्या स्वतःच्या टेनेसी राज्यात सुमारे ८० हजार मतांनी हरले. तेथे नेडर यांची मते वीस हजारांच्या घरात होती, म्हणजे तो पराभव नेडर यांच्या माथी मारता येत नाही. टेनेसीची अकरा निर्वाचक मते हाती असती तर गोर यांना फ्लोरिडाची गरजच नव्हती.

याच निवडणुकीचा दुसरा पैलू क्वचितच सांगितला जातो. न्यू मेक्सिको, आयोवा, विस्कॉन्सिन आणि ओरेगॉन या चार राज्यांत गोर यांनी बुश यांच्यावर घेतलेल्या आघाडीपेक्षा ब्युकॅनन यांची मते जास्त होती. न्यू मेक्सिकोत तर गोर यांची आघाडी केवळ ३६६ मतांची होती. या चार राज्यांची मिळून तीस निर्वाचक मते होतात. म्हणजे उजवीकडच्या तिसऱ्या उमेदवाराने बुश यांचेही नुकसान केले असावे; ते जिंकले, म्हणून तक्रार कोणी केली नाही.

हा सगळा खेळ शक्य होतो तो मोजणीच्या पद्धतीमुळे. अमेरिकेचा अध्यक्ष थेट मतांनी निवडला जात नाही. ५३८ निर्वाचकांपैकी २७० ज्याच्या बाजूने तो अध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता उरलेल्या ४८ राज्यांत ज्याला सर्वाधिक मते, त्याला त्या राज्यातील सर्व निर्वाचक मिळतात, मग ती मते निम्म्याहून कमी का असेनात. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये राजकीय पक्षांवरील आपल्या ग्रंथात दाखवले, की एका फेरीत सर्वाधिक मते मिळवणारा विजयी अशी पद्धत असली की मतदार हळूहळू दोनच पक्षांभोवती गोळा होतात. तिसऱ्याला दिलेले मत ‘वाया’ जाईल ही भीतीच तिसऱ्याला वाढू देत नाही.

या भीतीवर २००० साली काही हिकमती मंडळींनी इंटरनेटवर एक तोडगा काढला होता. चुरशीच्या राज्यातील नेडर-समर्थकाने गोर यांना मत द्यायचे आणि त्या बदल्यात निकाल आधीच ठरल्यासारखा असलेल्या राज्यातील गोर-समर्थकाने नेडर यांना. मतांच्या या अदलाबदलीला कॅलिफोर्नियाच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी कारवाईची धमकी दिली आणि अशी काही संकेतस्थळे बंद पडली. २००७ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ही अदलाबदल अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसते असा निर्वाळा दिला. तोपर्यंत बुश यांची दुसरी कारकीर्दही उतरणीला लागली होती.

न्यूयॉर्कची १५ हजार मते

नेडर यांच्या दीडशे वर्षे आधी नेमकी हीच गोष्ट घडली होती, आणि ती अधिक बोलकी आहे. १८४४ मध्ये गुलामगिरीच्या उच्चाटनासाठी स्थापन झालेल्या लिबर्टी पक्षाने जेम्स बर्नी यांना उमेदवारी दिली. मुख्य लढत होती व्हिग पक्षाचे हेन्री क्ले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स पोल्क यांच्यात. पोल्क हे टेक्सासचा गुलामगिरीसह समावेश करून घेण्यास उत्सुक होते. क्ले स्वतः गुलामांचे मालक असले तरी टेक्सासच्या तातडीच्या समावेशाला त्यांचा विरोध होता. न्यूयॉर्क राज्यात पोल्क ५,१०६ मतांनी जिंकले. बर्नी यांनी तेथे १५,८१२ मते घेतली होती. न्यूयॉर्कची ३६ निर्वाचक मते क्ले यांच्याकडे गेली असती तर अध्यक्ष क्ले झाले असते.

त्या १५,८१२ मतदारांनी सदसद्विवेकाला स्मरून मत दिले. परिणाम काय झाला? १८४५ च्या डिसेंबरात टेक्सास गुलामगिरीचे राज्य म्हणून संघराज्यात आले, पुढच्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध जुंपले आणि गुलामगिरीच्या विस्ताराचा प्रश्न कधी नव्हे इतका पेटला. ज्या ध्येयासाठी मत दिले त्या ध्येयाचीच तत्काळ हानी झाली. २००० साली पर्यावरणासाठी नेडर यांना मत देणाऱ्यांनी २००१ च्या मार्चमध्ये बुश प्रशासनाला क्योटो करारातून अंग काढून घेताना पाहिले, तेव्हा त्यांची अवस्था यापेक्षा वेगळी नसावी.

तथापि बर्नी यांची कथा १८४४ मध्ये संपत नाही. लिबर्टी पक्षाची माणसे १८४८ मध्ये ‘फ्री सॉइल’ या अधिक व्यापक पक्षात गेली. नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको, एवढ्या एकाच मागणीवर माजी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांनी त्या पक्षातर्फे दहा टक्के मते मिळवली. १८५४ मध्ये त्यातूनच, आणि फुटलेल्या व्हिग पक्षातून, रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. १८६० मध्ये त्याचे उमेदवार अब्राहम लिंकन चौरंगी लढतीत चाळीस टक्क्यांहून किंचित कमी मतांवर अध्यक्ष झाले. (लिंकन केवळ मतविभाजनामुळे जिंकले असा समज रूढ आहे. तो खरा नाही. त्यांनी जिंकलेल्या बहुतेक राज्यांत त्यांना निम्म्याहून अधिक मते होती. तिन्ही विरोधक एकत्र आले असते तरी निर्वाचक मंडळात बहुमत लिंकन यांचेच राहिले असते.) सोळा वर्षांपूर्वी ‘वाया’ गेलेल्या मतांचा असा हिशेब लागला. ग्रीन पक्षाला मात्र असा दुसरा अध्याय लिहिता आला नाही. २००० च्या निकालाची धास्ती एवढी होती, की २००४ मध्ये अपक्ष लढलेल्या नेडर यांची मते २८ लाखांवरून साडेचार लाखांच्या आसपास आली.

मुद्द्यांची चोरी

तिसऱ्या उमेदवाराचे मोठे यश बहुधा त्याच्या मुद्द्यांच्या चोरीत असते. १८९२ मध्ये शेतकऱ्यांच्या असंतोषातून उभ्या राहिलेल्या पॉप्युलिस्ट पक्षाच्या जेम्स वीव्हर यांनी साडेआठ टक्के मते आणि २२ निर्वाचक मते मिळवली. उत्पन्नानुसार चढता आयकर, सिनेटरांची थेट जनतेतून निवड, कामाचे मर्यादित तास या त्यांच्या मागण्या तेव्हा माथेफिरूपणाच्या वाटत. चारच वर्षांत डेमोक्रॅटिक पक्षाने त्या पक्षाला गिळून टाकले. आयकराचा मार्ग मोकळा करणारी सोळावी आणि सिनेटच्या थेट निवडणुकीची सतरावी, या दोन्ही घटनादुरुस्त्या १९१३ मध्ये अमलात आल्या. तोवर पॉप्युलिस्ट पक्षाचे नावही उरले नव्हते.

मधल्या १९१२ च्या निवडणुकीला तर तिसऱ्या उमेदवाराच्या इतिहासात तोड नाही. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपणच निवडलेले उत्तराधिकारी विल्यम टॅफ्ट यांच्याविरुद्ध बंड केले आणि प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला. महिलांना मताधिकार, आठ तासांचा दिवस, सामाजिक विमा अशी त्यांची कार्यक्रमपत्रिका काळाच्या पुढे होती. १४ ऑक्टोबरला मिलवॉकी येथे त्यांच्यावर गोळी झाडली गेली. छातीत गोळी असताना त्यांनी भाषण पूर्ण केले. निकालात रूझवेल्ट यांना २७ टक्के मते आणि ८८ निर्वाचक मते मिळाली, विद्यमान अध्यक्ष टॅफ्ट २३ टक्क्यांवर आणि केवळ ८ निर्वाचक मतांवर घसरले. डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन ४२ टक्क्यांच्या आत राहूनही ४३५ निर्वाचक मतांनी अध्यक्ष झाले. रिपब्लिकन मतांची फूट येथे निर्विवाद आहे. परंतु ज्या सुधारणांसाठी रूझवेल्ट लढले, त्यांतील अनेक पुढे कायद्यात आल्या. महिलांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती १९२० मध्ये झाली.

येथे एक सावधगिरी हवी. तिसरा उमेदवार जे मुद्दे पेरतो ते चांगलेच असतील असे नाही. १९६८ मध्ये अलाबामाचे जॉर्ज वॉलेस वंशभेदाच्या समर्थनावर उभे राहिले. त्यांनी साडेतेरा टक्के मते घेतली आणि दक्षिणेतील पाच राज्ये जिंकून, एका फुटीर निर्वाचकासह, ४६ निर्वाचक मते मिळवली. स्वतः जिंकणे हा त्यांचा हिशेब नव्हताच. कोणालाच बहुमत मिळू नये आणि मग पाठिंब्याच्या बदल्यात नागरी हक्कांच्या अंमलबजावणीत सवलती उकळाव्यात, हा त्यांचा डाव होता. तो थोडक्यात हुकला. रिचर्ड निक्सन यांना ३०१ निर्वाचक मते मिळाली. एकट्या कॅलिफोर्नियाची ४० मते गेली असती तर ते २६१ वर अडकले असते. अशा वेळी राज्यघटनेनुसार निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तेथे प्रत्येक राज्याला, लहान असो की मोठे, एकच मत असते. १८२४ मध्ये हे प्रत्यक्ष घडले होते. तेव्हा सर्वाधिक मते मिळवणारे अँड्र्यू जॅक्सन बाजूला राहिले आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले. वॉलेस यांचा डाव फसला, पण त्यांचा मतदार फुकट गेला नाही. दक्षिणेतील नाराज गोऱ्या मतदारांना आपल्याकडे ओढण्याचे धोरण निक्सन यांनी पद्धतशीरपणे राबवले आणि दक्षिणेचा राजकीय नकाशा बदलला.

या धोक्याने हादरून प्रतिनिधिगृहाने १९६९ च्या सप्टेंबरमध्ये निर्वाचक मंडळच रद्द करण्याचा घटनादुरुस्ती प्रस्ताव मोठ्या बहुमताने मंजूर केला. थेट मतदान आणि कोणालाही चाळीस टक्के मते न मिळाल्यास दुसरी फेरी, अशी त्याची योजना होती. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये वेळकाढू भाषणबाजीच्या अस्त्राने तो मारला गेला.

आलेखांचे तक्ते घेतलेला उमेदवार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत यशस्वी तिसरा उमेदवार म्हणजे टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो. संगणक सेवांच्या व्यवसायात पैसा केलेल्या पेरो यांनी १९९२ मध्ये स्वतःच्या खिशातील सहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतून निवडणूक लढवली. जूनमध्ये गॅलपच्या जनमत चाचणीत ते ३९ टक्क्यांसह थोरले बुश आणि बिल क्लिंटन या दोघांच्याही पुढे होते. १६ जुलैला त्यांनी अचानक माघार घेतली आणि १ ऑक्टोबरला पुन्हा रिंगणात उडी मारली. हा लहरीपणा त्यांना भोवला. तरीही दूरचित्रवाणीवर अर्ध्या अर्ध्या तासाचा वेळ विकत घेऊन, हातात छडी आणि समोर आलेख घेऊन, हा गृहस्थ देशाला अंदाजपत्रकी तूट शिकवू लागला आणि लोक ते पाहू लागले. निवडणुकीच्या धामधुमीत मतदारांनी तुटीचे आलेख आवडीने पाहावेत, हे आश्चर्यच.

पेरो यांना १ कोटी ९७ लाख मते, म्हणजे १८.९ टक्के मते मिळाली. निर्वाचक मत एकही नाही. पाठिंबा देशभर सारखा पसरलेला असणे ही त्या पद्धतीत शिक्षा ठरते. वॉलेस यांनी त्यांच्याहून निम्मी मते घेऊन पाच राज्ये जिंकली, कारण त्यांची मते एका भागात एकवटली होती.

पेरो यांनी थोरल्या बुश यांना पाडले, असे रिपब्लिकन गोटात आजही मानले जाते. मतदान केंद्राबाहेरील चाचण्यांचा पुरावा याच्या विरोधात आहे. पेरो नसते तर कोणाला मत दिले असते, या प्रश्नावर त्यांच्या मतदारांतील ३८ टक्क्यांनी बुश आणि तितक्याच ३८ टक्क्यांनी क्लिंटन असे सांगितले. उरलेले बव्हंशी घरीच बसले असते. हा शेवटचा गट सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. १९८८ मध्ये सुमारे ९ कोटी १६ लाख अमेरिकनांनी मतदान केले होते, १९९२ मध्ये १० कोटी ४४ लाखांनी. १९९६ मध्ये पेरो पुन्हा उभे राहिले, पण त्यांना वादविवादांतून वगळण्यात आले, त्यांची मते ८.४ टक्क्यांवर आली आणि एकूण मतदानही ९ कोटी ६३ लाखांपर्यंत खाली घसरले. या घसरणीला इतरही कारणे आहेत. तरी दोन्ही पक्षांना विटलेल्या माणसाला मतदान केंद्रापर्यंत आणण्याचे काम १९९२ मध्ये पेरो यांच्याइतके कोणी केले नाही, हे नाकारता येत नाही.

तुटीचा प्रश्नही त्यांच्याबरोबर गेला नाही. १९९२ मध्ये २९० अब्ज डॉलर असलेली तूट मिटवणे ही दोन्ही पक्षांची अपरिहार्य जबाबदारी बनली आणि १९९८ पासून चार वर्षे अंदाजपत्रक शिलकीत राहिले. तेजीचा वाटा त्यात मोठा होता, पण पेरो यांच्या मतदारांना चुचकारण्याची दोन्ही पक्षांची धडपडही होती. मुक्त व्यापार करारांविरुद्धच्या त्यांच्या इशाऱ्याकडे मात्र तेव्हा दुर्लक्ष झाले. ‘नाफ्टा’ १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. तो मुद्दा दोन दशकांनी रिपब्लिकन पक्षाच्याच व्यासपीठावरून परत आला आणि त्याने २०१६ ची निवडणूक फिरवली.

त्या निवडणुकीत मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अनुक्रमे १०,७०४, २२,७४८ आणि ४४,२९२ मतांनी जिंकली. तिन्ही राज्यांत ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांची मते या फरकाहून अधिक होती आणि पुन्हा एकदा २००० चे आरोप उगाळले गेले. त्याच राज्यांत लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सन यांनी स्टाइन यांच्या दुपटीहून अधिक मते घेतली होती व त्यांतील मोठा भाग रिपब्लिकन वळणाचा होता, ही बाब या आरोपांत सहसा वगळली जाते. २०२० मध्ये काटा उलटा फिरला. जॉर्जिया, अ‍ॅरिझोना आणि विस्कॉन्सिनमध्ये जो बायडेन यांच्या आघाडीपेक्षा लिबर्टेरियन जो जॉर्गेन्सन यांची मते जास्त होती. २०२४ मध्ये रॉबर्ट केनेडी (धाकटे) आधी डेमोक्रॅट, मग अपक्ष अशी वाटचाल करून २३ ऑगस्टला ट्रम्प यांच्या पाठीशी उभे राहिले. चुरशीच्या मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये मतपत्रिकेवरून नाव काढून घेण्याची त्यांची धडपड न्यायालयात अपयशी ठरली. उमेदवार सांगतो आहे की मला मत देऊ नका, आणि मतपत्रिकेवर त्याचे नाव आहेच, असे ते दृश्य होते. पुढे ट्रम्प सरकारात ते आरोग्यमंत्री झाले.

तिसऱ्या उमेदवाराची वाट दोन्ही पक्षांनी मिळून अरुंद ठेवली आहे. मतपत्रिकेवर येण्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. एकेकाळी ओहायोत नव्या पक्षाला आधीच्या गव्हर्नर निवडणुकीतील मतांच्या पंधरा टक्के इतक्या सह्या गोळा कराव्या लागत. वॉलेस यांच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. २००० पासून अध्यक्षीय वादविवादात येण्यासाठी जनमत चाचण्यांत पंधरा टक्क्यांची अट आली. नेडर यांना त्या वर्षी बोस्टनच्या वादविवादात श्रोता म्हणून, हातात तिकीट असतानाही, प्रवेश नाकारला गेला.

चिंतामणराव देशमुखांची दुसरी पसंती

पद्धत बदलली की तिसऱ्याचे उपद्रवमूल्य संपते का? भारताच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक पसंतिक्रमाने होते आणि १९६९ मध्ये या पद्धतीची खरी कसोटी लागली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींच्या गटाचा पाठिंबा लाभलेले अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि तिसरे, स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी उभे केलेले चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे हे चिंतामणराव निवडून येण्याची शक्यता नव्हती. पण त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी म्हणून काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी त्या दोन पक्षांच्या नेत्यांच्या भेटी घेतल्या, आणि त्याच भेटींचे निमित्त करून इंदिरा गटाने सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाची हाक दिली.

पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतकी मूल्यांकित मते पडली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. मागचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले. दुसऱ्या पसंतीची बहुतांश मते अपेक्षेप्रमाणे रेड्डींकडे गेली आणि ८८ हजारांची आघाडी पंधरा हजारांपर्यंत खाली आली. शेवटी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. तिसऱ्या उमेदवाराची बहुतांश मते वाया गेली नाहीत, तरी त्याच्या उमेदवारीने काँग्रेसच्या फुटीला धार आली. त्याच वर्षी पक्ष दुभंगला.

दोन फेऱ्यांची पद्धतही सर्वस्वी बिनधोक नाही. फ्रान्समध्ये २००२ मध्ये पहिल्या फेरीत सोळा उमेदवार होते. डाव्यांची मते अनेकांत विखुरली आणि पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ १६.१८ टक्क्यांवर तिसरे राहिले; १६.८६ टक्के घेऊन कडवे उजवे ज्याँ-मारी ल पेन दुसऱ्या फेरीत पोहोचले. डाव्या मतदारांना मग जॅक शिराक यांना मत देण्यावाचून पर्याय उरला नाही. ८२ टक्क्यांचा तो विजय प्रेमापोटी नव्हता. दक्षिण कोरियात १९८७ मध्ये एकच फेरी होती. लोकशाहीवादी किम यंग-सॅम आणि किम डे-जुंग एकमेकांसाठी थांबले नाहीत. दोघांची मिळून ५५ टक्के मते असताना लष्करी राजवटीचे वारस रोह ताए-वू ३६.६ टक्क्यांवर अध्यक्ष झाले.

अमेरिकेत पसंतिक्रमाचा प्रयोग सुरू झाला तो मेन राज्यात, आणि त्याचे कारण तिसरा उमेदवारच. २०१० च्या गव्हर्नर निवडणुकीत तिरंगी लढतीत पॉल लपाज ३८ टक्क्यांच्या आत मते घेऊन निवडून आले, अपक्ष एलियट कटलर त्यांच्या जेमतेम मागे राहिले. २०१६ मध्ये मेनच्या मतदारांनी सार्वमताने पसंतिक्रम स्वीकारला आणि २०२० मध्ये अध्यक्षपदासाठी तो प्रथमच वापरला गेला. अलास्काने २०२४ मध्ये तेच केले. ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव तेथे त्याच दिवशी काहीशे मतांनी फेटाळला गेला. कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगॉन यांनी मात्र त्याच नोव्हेंबरमध्ये तिला नकार दिला. दोन्ही राज्यांत अध्यक्षपदाच्या विजेत्याला आतापर्यंत राज्यपातळीवर पहिल्याच पसंतीत निम्म्याहून अधिक मते मिळत आली आहेत. त्यामुळे अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत एखाद्या राज्याचा निकाल दुसऱ्या पसंतीने फिरल्याचे उदाहरण २०२४ पर्यंत घडलेले नाही.